रत्नागिरीच्या वहीतला साथीचा जमाखर्च



लोकमान्यांच्या स्मरणार्थ होणाऱ्या व्याख्यानासाठी मी महामारी हा विषय कळवला, तेव्हा संयोजकांपैकी एकदोघांनी विचारले, की हे आता कशाला उकरून काढायचे, लोक विसरले आहेत. लोक विसरत चालले आहेत म्हणूनच बोलायचे, असे मी म्हणालो. आणि टिळकांच्या नावाने, टिळकांच्या जन्मगावी बोलायचे तर साथीइतका जवळचा विषय दुसरा नाही. 1897 साली त्यांना राजद्रोहाबद्दल दीड वर्षाची सक्तमजुरी झाली, तिच्यामागे पुण्यातला प्लेग होता. 1903 मध्ये त्यांचा थोरला मुलगा विश्वनाथ प्लेगनेच गेला. साथीत सरकारने काय करावे, किती करावे आणि ते कोणाच्या जिवावर करावे, हा प्रश्न या माणसाने वर्तमानपत्रात मांडला, त्यापायी तुरुंग भोगला आणि नंतर घरातच मरण पाहिले.

मला काय म्हणायचे आहे ते आधीच सांगतो. करोनाच्या काळात देशाने जे धोरण घेतले ते बरोबर की चूक, यावर आजवर जी चर्चा झाली ती देशाच्या आकड्यांवर झाली. त्या आकड्यांवर दोन्ही बाजूंनी भांडता येते आणि भांडण कधी मिटत नाही. याचे कारण असे, की खर्च एकाच्या नावावर पडला आणि लाभ दुसऱ्याच्या. बेरीज केली की दोघेही दिसेनासे होतात. रत्नागिरीसारख्या जिल्ह्यात उभे राहून पाहिले तर मात्र कोणी किती दिले आणि कोणाला काय मिळाले हे बरेच स्पष्ट दिसते. म्हणून हा हिशेब इथे मांडायचा.

सुरुवात प्लेगपासून करू, कारण आपले कायदे आणि आपल्या खोडी दोन्ही तिथून आल्या आहेत. सप्टेंबर 1896 मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकॅशियो व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. पुढच्या काही महिन्यांत मुंबईची जवळजवळ निम्मी वस्ती शहर सोडून गेली, असे तेव्हाचे अंदाज आहेत. गिरणगावात कोकणी माणूस किती होता हे आठवले, तर त्या गर्दीत आपल्या पणजोबा-खापरपणजोबांचे चेहरे दिसतील. फेब्रुवारी 1897 मध्ये साथरोग कायदा झाला. अवघ्या चार कलमांचा. दुसऱ्या कलमाने सरकारला हवे ते नियम करायची मुभा दिली, तिसऱ्याने ते मोडणाऱ्याला शिक्षा ठरवली आणि चौथ्याने सांगितले, की या कायद्याखाली सद्भावनेने केलेल्या कोणत्याही गोष्टीबद्दल कोणावर दावा लावता येणार नाही. अधिकार कसा वापरला, त्याने किती जीव वाचले, किती घरे उठली, याचा जबाब कोणी कोणाला द्यायचा यावर त्या कायद्यात अक्षर नाही. मार्च 2020 मध्ये आपल्या राज्याने हाच कायदा लागू केला.

पुण्यात प्लेग अधिकारी रँडच्या हाताखाली सोल्जर घरांत शिरले. देवघर, माजघर काही राहिले नाही. यावर टिळकांची भूमिका काय होती ती नीट समजून घ्यायला हवी, कारण आज तिचे एकच टोक सांगितले जाते. घरे तपासणे आणि रोगी वेगळा काढणे हे उपाय मुळातच चूक आहेत, असे टिळक म्हणत नव्हते. ते स्वतः गाव सोडून गेले नाहीत, हिंदूंसाठी प्लेगचे रुग्णालय काढण्यात ते पुढे होते आणि पुणे सोडून गेलेल्या पुढाऱ्यांना त्यांनी खडे बोल सुनावले. त्यांचा राग अंमलबजावणीवर होता. उपाय योग्य असला तरी तो कोणाच्या हातून आणि कशा रीतीने होतो यावर त्याची किंमत ठरते, हे त्यांना कळले होते.

याच प्रकरणात आपल्या जिल्ह्याचा दुसरा सुपुत्र सापडतो. गोपाळ कृष्ण गोखले गुहागर तालुक्यातल्या कोतळूकचे. 1897 मध्ये ते विलायतेत होते. हिंदुस्थानच्या सरकारी खर्चाची तपासणी करणाऱ्या वेल्बी कमिशनपुढे साक्ष देण्यासाठी गेले होते, म्हणजे हिशेब मागायलाच गेले होते. पुण्याहून त्यांना पत्रे गेली की सोल्जरांनी स्त्रियांवर अत्याचार केले. गोखल्यांनी ते ‘मँचेस्टर गार्डियन’मधून जगापुढे ठेवले. सरकारने पुरावा मागितला. परत आल्यावर गोखल्यांनी पत्रे लिहिणाऱ्यांकडे पुरावा मागितला, तो कोणी देऊ शकला नाही आणि त्यांना जाहीर माफी मागावी लागली. त्या माफीबद्दल स्वकीयांनी त्यांना वर्षानुवर्षे टोचून खाल्ले. पण पुढे ते प्लेगच्या कामात स्वयंसेवक म्हणून उतरले. जाचाच्या कहाण्या पुण्यात घरोघरी होत्या. सही करून, तारीख घालून ठेवलेला कागद हाती नव्हता. आकड्यांवर ज्याची मांड पक्की होती तो गोखल्यांसारखा माणूस नोंदीवाचून निरुत्तर झाला. आजचे माझे व्याख्यान बरेचसे या एका घटनेवर उभे आहे.

पुढे मार्च 1898 मध्ये मुंबईत झडतीवरून दंगल उसळली आणि त्यानंतर सरकारने सक्ती हळूहळू सैल केली. लाभापेक्षा खर्च जास्त होतो आहे हे त्यांना दंगलीतून उमगले. प्लेग उंदरांवरच्या पिसवांमुळे पसरतो हे सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने 1898 मध्येच मांडले होते. 1905 नंतरच्या प्लेग संशोधन आयोगाने ते पक्के केले. म्हणजे माणसांना घरातून ओढून काढण्याचा जो एवढा खटाटोप झाला, त्यातला बराचसा रोगाच्या वाटेवर नव्हताच.

पण याचा अर्थ काहीच न करणे शहाणपणाचे असते, असा कोणी काढू नये. 1918 च्या जूनमध्ये मुंबई बंदरातून इन्फ्लुएंझा देशात शिरला. महायुद्ध चालू होते, पाऊस दगा देऊन गेला होता, सरकारचे हात दुसरीकडे गुंतलेले होते. हिंदुस्थानात मेलेल्यांचे अंदाज 1 कोटी 20 लाखांपासून 1 कोटी 80 लाखांपर्यंत जातात. 1911 ते 1921 या दशकात देशाची लोकसंख्या वाढण्याऐवजी किंचित घटली. निर्बंधांची किंमत मोजताना हे दुसरे पान डोळ्यांपुढे ठेवावेच लागते.

आता 2020. 24 मार्चला रात्री आठ वाजता टाळेबंदी जाहीर झाली आणि चार तासांनी, गुढीपाडव्याच्या दिवशी, लागू झाली. जगभरातल्या निर्बंधांची तीव्रता मोजणाऱ्या ऑक्सफर्डच्या निर्देशांकावर त्या दिवसांत भारताला 100 पैकी 100 गुण होते. आदेशाचा गाभा एवढाच, की जिथे आहात तिथेच राहा.

हे वाक्य रत्नागिरीच्या घराला लावून पाहा. 2011 च्या जनगणनेत आपल्या जिल्ह्याची लोकसंख्या 16 लाख 15 हजार, 2001 पेक्षा कमी भरली. हजार पुरुषांमागे 1122 स्त्रिया, राज्यात सर्वांत जास्त. या आकड्याला आपण कधी कधी मिरवतो, पण त्याचा अर्थ एवढाच की घरचे पुरुष मुंबईत आहेत. आपले कुटुंब एका ठिकाणी नसतेच. म्हातारी वाडीत, मुलगा-सून नालासोपाऱ्यात किंवा घाटकोपरच्या दहा बाय बाराच्या खोलीत, आणि गणपती-शिमग्याला हे सगळे एका छपराखाली येतात. ‘जिथे आहात तिथे’ या शब्दांनी देशातल्या बऱ्याच घरांना दार लावून घ्यायला सांगितले. आपल्या घराचे मात्र दोन तुकडे केले.

त्या खोलीत काय झाले त्याचा पुरावा आहे. जुलै 2020 मध्ये मुंबई महापालिका, नीती आयोग आणि टाटा मूलभूत संशोधन संस्था यांनी शहराच्या तीन विभागांत रक्ताच्या चाचण्या केल्या. झोपडपट्टीतल्या 57 टक्के लोकांना संसर्ग होऊन गेला होता. झोपडपट्टीबाहेर हे प्रमाण 16 टक्के होते. एकच शहर आणि एकच टाळेबंदी. ज्याच्या घरात वेगळी खोली आणि वेगळा संडास होता त्याला ती वाचवत होती. जिथे पन्नास माणसांत एक सार्वजनिक संडास होता, तिथल्या माणसाला तिने रोगाबरोबर कोंडून घातले. आणि त्याची मजुरीही थांबवली. चाकरमान्यांपैकी कितीतरी जण दुसऱ्या गटातले होते.

मार्चच्या अखेरीस राज्यात नोंदलेले रुग्ण दोनशे-तीनशेच्या घरात होते. मेच्या मध्याला एकट्या मुंबईत ते 15 हजारांच्या वर गेले. या दोन तारखांच्या मध्ये चाकरमानी मुंबईत अडकून होता. मग महामार्गाने, रेल्वेच्या रुळांवरून, कशेडी घाट चढून, पास मिळवून किंवा न मिळवता तो निघाला. ज्या वेळी गावाला त्याच्यापासून धोका नगण्य होता त्या वेळी त्याला धरून ठेवले, आणि तो धोका शिगेला पोहोचला तेव्हा सोडले. माझ्या मते आपल्या जिल्ह्यापुरती राष्ट्रीय धोरणातली ही सर्वांत महाग चूक होती. कोणी म्हणेल की मार्चमध्ये एकदम हजारो माणसे आली असती तर एका जिल्हा रुग्णालयाच्या जिवावर आपण काय केले असते? प्रश्न खरा आहे. पण चार तासांऐवजी चार दिवस दिले असते, एसटी लावली असती, आणि गावातल्या शाळांत चौदा दिवस ठेवायची सोय केली असती, तर जे आपण मे-जूनमध्ये घाबरत, भांडत केले तेच मार्चमध्ये शांतपणे झाले असते. शाळा त्याच, ग्राम कृती दल तेच. फक्त येणारा माणूस बहुधा निरोगी असता.

त्या भांडणाचा खर्च कोणत्या रकान्यात लिहायचा, मला खरोखर कळत नाही. वाड्यांच्या तोंडाशी बांबू आडवे पडले. ज्याच्या मनिऑर्डरीवर देवळाचा कळस चढला, त्याला वेशीवर अडवले गेले. उलट, गावातल्या म्हाताऱ्यांच्या जिवाची काळजी वाहणारे तरुण रात्ररात्र त्याच वेशीवर जागत होते, हेही तितकेच खरे. ऑगस्टमध्ये गणपतीला येणाऱ्यांसाठी विलगीकरण चौदा दिवसांवरून दहा दिवसांवर आले, त्यासाठी गावोगाव किती वाद झाले ते तुम्हाला मी सांगायला नको. दोन्ही बाजू आपल्याच होत्या.

टाळेबंदीने वेळ मिळवून दिला, असे तिचे समर्थक म्हणतात, आणि मला ते मान्य आहे. नवा रोग, औषध नाही, डॉक्टरांना अंगभर घालायचे कपडे नाहीत, अशा वेळी काही आठवडे सगळे थांबवणे यात गैर काही नव्हते. पण वेळ हा लाभ तेव्हाच, जेव्हा तो वापरला जातो. रत्नागिरीत त्या वेळेचे काय झाले? सुरुवातीला आपले स्वॅब तपासायला मिरजेला जात होते. आंबा घाट चढून जायचे आणि निकालाची वाट बघत संशयित रुग्ण, त्याचे घर, त्याची वाडी सगळे अडकून पडायचे. आपली प्रयोगशाळा जिल्हा रुग्णालयात सुरू झाली ती जून 2020 मध्ये. ती झाली हा खरा लाभ आहे आणि ज्यांनी ती उभी केली त्यांचे ऋण मानले पाहिजे. पण तोवर देशाने टाळेबंदी उठवायला घेतली होती. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात विद्यार्थी यायला तर 2023 उजाडले. देशाने घेतलेला वेळ आणि जिल्ह्याला लागणारा वेळ यांची सांगड कोणी घातलीच नव्हती.

आणि तो वेळ विकत घ्यायला आपण काय मोजले? एप्रिल आणि मे. ज्याची हापूसची बाग आहे त्याला या दोन महिन्यांचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. कारखाना एप्रिलमध्ये बंद ठेवला तर जुलैत दोन पाळ्या चालवता येतात. झाडावर तयार झालेला आंबा थांबत नाही. विमाने बंद, वाशीचा बाजार मध्येच बंद, काढणीला माणसे नाहीत. नेपाळी राखणदार आणि खलाशी बागांत आणि होड्यांवर अडकले. बागायतदारांनी हार मानली नाही. मुंबई-पुण्याच्या सोसायट्यांना फोन लावून पेट्या थेट पोहोचवल्या. त्याच मे महिन्यात एसटीने पहिल्यांदा मालवाहतूक सुरू केली आणि सुरुवातीलाच रत्नागिरीहून बोरिवलीला आंब्याच्या पेट्या गेल्या. मच्छीमारांचेही तसेच. पावसाळी बंदी 1 जूनपासून, म्हणजे एप्रिल-मे हे त्यांच्या हंगामाचे शेवटचे आणि मोलाचे महिने. मासेमारीला नंतर परवानगी मिळाली, पण बर्फ, डिझेल, गिऱ्हाईक आणि खलाशी या चारांपैकी एक नसले तरी मिरकरवाड्याची होडी नांगरावरच राहते. एप्रिल ते जून 2020 या तिमाहीत देशाचे उत्पादन आदल्या वर्षाच्या तुलनेत जवळपास चोवीस टक्क्यांनी घसरले. त्या एका आकड्यात आपला आंबा आणि आपली मासळी कुठेतरी आहे, पण वेगळी दिसत नाही.

त्यावर 3 जूनला निसर्ग चक्रीवादळ आले. दापोली, मंडणगड, गुहागरात माडा-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या, घरांची छपरे उडाली, कित्येक गावे दिवसेंदिवस अंधारात राहिली. साथीत माणसांना एकमेकांपासून लांब ठेवायचे आणि वादळात एका निवाऱ्यात जमवायचे, अशी दोन सरकारी फर्माने एकाच दिवशी एकाच गावात पोहोचली होती. पोफळ लावली की उत्पन्नाला सहा-सात वर्षे लागतात. राष्ट्रीय धोरण ठरवताना एका वेळी एकच संकट येईल असे गृहीत धरले जाते. कोकणात ते कधीच तसे येत नाही. पुढच्याच वर्षी, 22 जुलै 2021 ला, दुसरी लाट पुरती ओसरली नसताना चिपळूण बुडाले. रुग्णालयात पाणी शिरले, वीज गेली आणि प्राणवायूवर असलेले रुग्ण दगावले. ते करोनाने गेले की पुराने?

आता पैशाचे आणि जिवाचे गणित. पाश्चात्त्य अर्थशास्त्रज्ञ माणसाच्या जिवाला एक रकमेचा आकडा लावतात आणि मग निर्बंधांचा खर्च व लाभ एकाच नाण्यात मोजतात. अर्थशास्त्राचा शिक्षक म्हणून ही पद्धत मी वर्गात शिकवली आहे. पण तो आकडा माणसाच्या मिळकतीवरून निघतो. त्या हिशेबाने न्यूयॉर्कमधल्या माणसाचा जीव लांज्यातल्या म्हातारीच्या कितीतरी पट भरतो. ही पद्धत मी इथे वापरणार नाही. जीव जिवांच्या रकान्यात आणि रुपये रुपयांच्या रकान्यात, दोन्ही शेजारी शेजारी ठेवावे आणि माणसांनी उघड्या डोळ्यांनी निर्णय करावा. त्यात अवघडपणा आहे, तो राहू द्यावा.

असे दोन रकाने मांडले की एक गोष्ट ठळक दिसते. देशात नोंदलेले एकूण मृत्यू, सगळ्या कारणांचे मिळून, 2019 मध्ये सुमारे 76 लाख होते, 2020 मध्ये 81 लाख आणि 2021 मध्ये 102 लाख. नोंदणी सुधारत होती हे धरूनही 2021 चा फरक प्रचंड आहे. करोनाचे अधिकृत मृत्यू साडेपाच लाखांच्या आत आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने 2020-21 साठी 47 लाख जादा मृत्यूंचा अंदाज केला आणि आपल्या सरकारने तो अमान्य केला. त्या वादात मी शिरत नाही. पण सरकारच्याच नोंदवहीवरून दिसते, की पैसा आपण मुख्यतः 2020 मध्ये घालवला आणि माणसे 2021 मध्ये. पहिल्या वर्षी घेतलेला वेळ दुसऱ्या वर्षीच्या लाटेसाठी प्राणवायू, खाटा आणि लस यांत उतरला असता तर तो खर्च सार्थकी लागला असता.

लसीचेच पाहा. 2021-22 च्या अर्थसंकल्पात लसीकरणासाठी 35 हजार कोटी रुपये ठेवले होते. साथीपूर्वीच्या वर्षात देशाचे उत्पन्न सुमारे 200 लाख कोटी होते, म्हणजे दिवसाला साधारण 55 हजार कोटी. देशभराच्या लसीची तरतूद एका दिवसाच्या राष्ट्रीय उत्पन्नापेक्षा कमी होती! ज्या देशाने आठवडेच्या आठवडे उत्पादन थांबवण्याची तयारी दाखवली, त्याने 2020 मध्येच लसीची भरभक्कम मागणी नोंदवून आगाऊ पैसे द्यायला मागेपुढे पाहायला नको होते. प्रत्यक्षात 1 मे 2021 पासून अठरा ते चव्वेचाळीस वयाच्या लोकांसाठी राज्यांनी आपापली लस विकत घ्यावी असे ठरले, एकच लस केंद्राला एका, राज्याला दुसऱ्या आणि खासगी रुग्णालयाला तिसऱ्या भावाने पडू लागली आणि 21 जूनला ते धोरण मागे घ्यावे लागले. ते आठवडे लाटेचे होते. लस तयार होत होती पुण्यात, घाटाच्या पलीकडे, आणि आपल्याकडे पहाटेपासून रांगा लागून माणसे परत जात होती. साथीतल्या सगळ्या उपायांत सर्वांत स्वस्त आणि सर्वांत जास्त जीव वाचवणारा उपाय हाच होता. उशीर नेमका त्यात झाला.

त्या जूनमध्ये राज्याने जिल्ह्याजिल्ह्याच्या आकड्यांवरून निर्बंधांचे पाच स्तर केले. बाधितांचे प्रमाण खाली येत नव्हते अशा जिल्ह्यांत रत्नागिरी होती. करोनाच्या डेल्टा प्लस प्रकाराचे राज्यात सापडलेले पहिले 21 रुग्ण मोजले तर त्यांतले नऊ आपले. त्या वेळी कडक निर्बंधांवर व्यापाऱ्यांनी चीड व्यक्त केली. नुकसान त्यांचे होत होते. तरीही देशाला एका दावणीला बांधण्यापेक्षा जिल्ह्याची प्रकृती पाहून ठरवण्याची ही रीत सरस होती, असे मी म्हणेन. ती पहिल्याच वर्षी हवी होती.

बाहेरच्या देशांची उदाहरणे फार दिली जातात, म्हणून दोन शब्द. स्वीडनने टाळेबंदी केली नाही. पहिल्या वर्षी त्यांचे वृद्ध शेजारच्या नॉर्वे-फिनलंडपेक्षा पुष्कळ जास्त मेले, पण सगळा काळ धरला तर युरोपात त्यांचा जादा मृत्युदर कमीच राहिला. न्यूझीलंडने सरहद्द बंद करून लस येईपर्यंत रोग बाहेर ठेवला. दोघांचेही आपल्याला उचलता येत नाही. स्वीडनमध्ये एकट्याने राहणाऱ्यांची घरे कितीतरी आहेत आणि आजारपणाची रजा पगारी आहे. न्यूझीलंड बेट आहे. त्यांच्याकडून घेण्यासारखी गोष्ट दुसरीच आहे. स्वीडनने आयोग नेमला, न्यूझीलंडने शाही आयोग नेमला, ब्रिटनमध्ये चौकशी चालवणाऱ्या बॅरोनेस हॅलेट यांच्यापुढे मंत्री आणि अधिकारी शपथेवर जाहीर साक्षी देत आले, आणि मेलेल्यांच्या नातेवाइकांनाही तिथे बोलता आले. आपल्याकडे संसदीय समितीचा अहवाल झाला, विधी आयोगाने फेब्रुवारी 2024 मध्ये 1897 च्या कायद्यावर अहवाल दिला, त्याच वर्षी नीती आयोगाच्या तज्ज्ञगटाने पुढच्या साथीसाठी पहिल्या शंभर दिवसांचा आराखडा मांडला. ही कामे उपयोगाची आहेत. पण देशभर फिरून, सामान्य माणसाची साक्ष घेऊन झालेली जाहीर चौकशी आपल्याकडे झाली नाही.

म्हणून दोन मोठे खर्च अजून कोणाच्याही खात्यावर नीट पडलेले नाहीत. पहिला शाळांचा. आपल्या पहिली ते चौथीच्या ग्रामीण शाळा मार्च 2020 मध्ये बंद झाल्या त्या 1 डिसेंबर 2021 ला उघडल्या, जानेवारीत पुन्हा काही दिवस बंद. ज्या वाडीत मोबाईलला रेंज मिळवायला मुले सड्यावर चढून बसत, तिथे ऑनलाइन शिक्षण म्हणजे काय ते शिक्षकच जाणोत. ‘असर’ या शालेय शिक्षणाच्या पाहणीनुसार देशाच्या ग्रामीण भागात तिसरीतल्या ज्या मुलांना दुसरीचा मजकूर वाचता येतो त्यांचे प्रमाण 2018 मध्ये 27.3 टक्के होते, 2022 मध्ये 20.5 वर आले. रोगाचा धोका मुलांना सर्वांत कमी, आणि सर्वांत लांब बंदी त्यांच्यावर. 2020 च्या पावसाळ्यात ती समजू शकते. 2021 च्या दिवाळीपर्यंत का, याचे पटणारे उत्तर मला मिळालेले नाही. तोवर दुकाने उघडली होती, लग्ने लागत होती. शिवाय रोग बंदिस्त हवेतून पसरतो हे कळून चुकले होते. एकशिक्षकी शाळेची पडवी किंवा आंब्याखालचा पार सहज चालला असता. अनेक शिक्षकांनी स्वतःच्या जबाबदारीवर तसे वर्ग घेतलेही.

दुसरा खर्च आशा सेविकांचा. घरोघर तपासणी, विलगीकरणातल्यांची विचारपूस, ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’चे सर्वेक्षण, लसीच्या याद्या. आणि या जादा कामाचा केंद्राचा भत्ता महिना 1000 रुपये. जून 2021 मध्ये राज्यभर त्यांना संपावर जावे लागले. पुढच्या वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने भारतातल्या आशांचा गौरव केला, टाळ्या झाल्या. टाळेबंदी स्वस्तात राबवली गेली असे जेव्हा कोणी म्हणतो, तेव्हा ती या बायकांच्या जवळजवळ फुकटच्या श्रमांवर स्वस्त झाली, हे त्या पानावर लिहिले पाहिजे. आणि त्या करोनाच्या कामाला जुंपल्या असताना त्यांचे नेहमीचे काम राहिले त्याचाही हिशेब आहे. देशात क्षयरोगाचे नोंदलेले रुग्ण 2019 मध्ये 24 लाख होते, 2020 मध्ये 18 लाख. रोग कमी झाला नव्हता. रुग्ण शोधायला कोणी जात नव्हते.

माझा निवाडा असा. पहिले काही आठवडे थांबणे योग्य होते. ज्या तऱ्हेने थांबवले ती चूक होती. त्या काळात सरकारने वाटलेले फुकट धान्य योग्य आणि आवश्यक होते, त्याने भूक आवरली. चाकरमान्याला अडकवणे आणि शाळा इतक्या लांब बंद ठेवणे यांचा खर्च त्यांच्या लाभापेक्षा जास्त झाला. लसीतला उशीर अक्षम्य होता. यातले काही तुम्हाला पटणार नाही. पण मला खोडून काढायला तुमच्याकडे कागद हवा, आणि मला टिकून राहायलाही कागदच हवा.

तो कागद या जिल्ह्यात आहे. ग्राम कृती दलांनी वह्या ठेवल्या होत्या: कोण कधी आला, कुठून आला, कोणत्या शाळेत राहिला, कोणी डबा दिला, कोण आजारी पडला. आशांच्या नोंदी आहेत. बागायतदारांकडे पेट्यांची बिले आहेत, मच्छीमार सोसायट्यांकडे होड्यांच्या फेऱ्यांच्या नोंदी आहेत. ग्रामपंचायतीची कपाटे साफ होतील तेव्हा पहिले रद्दीत जाईल ते हेच. माझी तुम्हा सर्वांना विनंती आहे, की आपापल्या गावच्या सरपंचांना, ग्रामसेवकांना आणि पोलीस पाटलांना भेटा, वही शोधा, तिची प्रत काढा. ज्यांनी दल चालवले आणि ज्यांना वेशीवर थांबावे लागले, दोघांचीही हकीकत तारीख घालून, सही घेऊन लिहून ठेवा. रुग्णांची नावे झाका, बाकी काही झाकू नका. या शहरात 1828 पासून वाचनालय आहे. असे कागद सांभाळायला त्याहून चांगली जागा नाही. आणि जिल्हा परिषदेने त्यावरून तालुकावार अहवाल छापावा, अशी मागणी आपण सगळे मिळून या सभेतूनच करूया.